४५ सेकंदांची काकडी

मे १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लूने गॅरी कास्पारॉव्हला बुद्धिबळात हरवलं. ही बातमी आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना तर जास्तच, कारण मशीन माणसापेक्षा हुशार झालं हे सांगायला ती कायम हाताशी असते.

त्यानंतर साडेचार वर्षांनी, २००१ च्या शरद ऋतूत, नेदरलँड्समधल्या एका काचघरात एक रोबो काकड्या तोडत होता. त्याची बातमी कुणाला पाठ नाही. त्याला एक काकडी तोडायला सरासरी ४५ सेकंद लागत होते, आणि पाचातली एक काकडी त्याला जमतच नव्हती.

म्हणजे जगज्जेत्याला हरवणं जमलं, काकडी तोडणं नाही! गेले काही वीकेंड मी या काकडीच्या मागे लागलोय. हा सगळा इतिहास वाचताना एक शब्द मला सारखा टोचत राहिला. तो कुठला, ते शेवटी सांगतो.

आधी काम काय आहे ते बघू. आपल्या डोळ्यांसमोर टोमॅटो म्हटलं की कमरेएवढं झुडूप येतं. मोठ्या काचघरातला टोमॅटो मात्र वेल असतो. वर तार, तारेला आकडा, आकड्यावर गुंडाळलेली दोरी, आणि त्या दोरीला धरून वर चढणारं एकच खोड. काकडीचंही तसंच. तळेगाव दाभाडेच्या बाजूला पॉलीहाऊसमध्ये ढोबळी मिरची दोऱ्यांवर चढवलेली तुम्ही पाहिली असेल, तर निम्मं चित्र तुम्हाला ठाऊक आहे. उरलेलं निम्मं असं की टोमॅटोचा वेल वर्षभर वाढतच राहतो, दहा-बारा मीटरपर्यंत. तारेपर्यंत पोचला की आकड्यावरची दोरी थोडी सैल सोडायची, वेल खाली उतरवायचा आणि थोडा बाजूला सरकवायचा. खालचं उघडं खोड जमिनीलगत आडवं पडत जातं आणि शेंडा पुन्हा वाढायला मोकळा होतो.

हे जवळजवळ दर आठवड्याला, प्रत्येक वेलाला. शिवाय शेंडा दोरीला गुंडाळायचा. पानाच्या बगलेतून निघणारी बगलफूट खुडायची, नाहीतर एका वेलाचे चार होतात. खालची म्हातारी पानं काढायची, कारण ती उजेड फारसा वापरत नाहीत आणि बुरशीला मात्र आमंत्रण देतात. मग तोडणी. यातलं एकही काम अवघड वाटत नाही. दोन दिवसांत कुणीही शिकेल, असं आपण पटकन म्हणून टाकतो.

आता गंमत बघा. ही काचघरं जणू रोबोसाठीच बांधली असावीत अशी आहेत. हेगच्या दक्षिणेला वेस्टलँड नावाचा भाग आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोक काचेखाली द्राक्षं पिकवत होते. विसाव्या शतकात द्राक्षं मागे पडली, टोमॅटो-काकडी पुढे आली. १९५९ मध्ये ग्रोनिंगेनला नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला आणि काचघर तापवणं स्वस्त झालं. वेलांच्या दोन रांगांमधून गरम पाण्याचे लोखंडी पाइप जमिनीलगत फिरवले गेले. कुणाच्या तरी लक्षात आलं, की हे दोन समांतर पाइप म्हणजे आयते रूळच आहेत. त्यावर ट्रॉली धावू लागल्या. कामगार ट्रॉलीवर उभा राहून रांगेतून सरकत जातो, दोन्ही हात वेलावर.

म्हणजे रोबोवाल्यांना काय मिळालं? छप्पर, सपाट जमीन, रूळ, सरळ रेषेतली झाडं, ठरलेलं अंतर. सेल्फ-ड्रायव्हिंग गाडीवाल्यांना यातलं अर्धं मिळालं तरी त्यांनी पेढे वाटले असते.

फळं यंत्रमानवाने तोडावीत ही कल्पना तशी जुनी. १९६८ मध्ये शर्ट्झ आणि ब्राउन या दोन अमेरिकन संशोधकांनी संत्र्या-मोसंब्याच्या तोडणीवर लिहिताना ती मांडली. १९७७ मध्ये पॅरिश आणि गोक्सेल यांनी सफरचंदासाठी कॅमेरा आणि हात जोडून दाखवला. काचघरातल्या पिकांकडे नेटाने वळले ते जपानी. १९८४ मध्ये कावामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोमॅटो तोडणाऱ्या रोबोवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे नाओशी कोंदो आणि त्यांच्या गटाने टोमॅटो, चेरी टोमॅटो, काकडी अशी एकेका पिकाची पाठ धरली.

काकडी सगळ्यांत वाईट. टोमॅटो निदान लाल होतो, हिरव्यात उठून दिसतो. काकडी हिरवी, पान हिरवं, देठ हिरवा! जपान्यांनी यावर दोन उपाय काढले. पहिला म्हणजे अवरक्त प्रकाश. आपल्या डोळ्यांना पान आणि काकडी सारखीच हिरवी दिसली, तरी जवळच्या अवरक्त पट्ट्यात काकडी पानापेक्षा वेगळी चमकते. दुसरा उपाय मला जास्त आवडला. अरिमा आणि कोंदो यांनी वेलाचा मांडवच तिरका केला. वेल तिरका चढला की पानं वरच्या बाजूला राहतात आणि काकड्या वजनाने खाली लोंबतात. आपल्या अंगणातल्या दोडक्याच्या मांडवाखाली उभं राहिलं की नेमकं हेच दिसतं. रोबोला हुशार करण्याऐवजी त्यांनी प्रश्नच सोपा करून टाकला. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

आता ती ४५ सेकंदांची काकडी. वाखेनिंगेनच्या एल्डर्ट फान हेन्टेन आणि सहकाऱ्यांनी हा रोबो बांधला आणि २००२ मध्ये त्याचा सविस्तर निबंध छापला. आमच्यासारख्याला तो वाचताना घरी आल्यासारखं वाटतं. गाडी गरम पाण्याच्या पाइपांवरून धावते. सरकत्या पट्टीवर बसवलेल्या हाताला एकूण सात सांधे. दोन कॅमेरा यंत्रणा, एक काकडी शोधायला आणि दुसरी जवळून त्रिमितीत बघायला. काकडी तोडण्याजोगी झाली का, हे तिच्या आकारावरून गणिताने ठरवायचं. आणि हात पानांना, खोडाला न धडकता काकडीपर्यंत कसा न्यायचा, हे ठरवायला ए-स्टार! तोच ए-स्टार, जो कॉलेजात आपण परीक्षेपुरता शिकलो आणि विसरलो.

कापायला ब्लेड नाही, तर उष्णतेने देठ छेदणारी यंत्रणा. कारण एका झाडाचा विषाणू ब्लेडवर बसून दुसऱ्या झाडाला जातो, आणि रोबो तर दिवसभर हजारो झाडांना हात लावणार. हातातल्या चाकूने साथ पसरू शकते, हे आपल्या डिझाइनमध्ये धरणारा माणूस नुसता प्रोग्रामर नाही, तो शेतकऱ्याशी नीट बोललेला आहे.

निकाल असा. कॅमेऱ्याला ९५ टक्क्यांहून जास्त काकड्या सापडल्या. तोडायला जमल्या ८० टक्के. आणि धंद्यात परवडायचं तर एका काकडीला जास्तीत जास्त १० सेकंद हवेत, असं त्यांनीच सुरुवातीला ठरवलं होतं. लागले ४५. हे त्यांनी न लपवता लिहिलं, याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

याच गटाने पुढे तोच रोबो काकडीची पानं काढायला लावला. पानं काढण्यात एकूण मजुरीच्या १९ टक्के वेळ जातो आणि काम कंटाळवाणं. २००६ मध्ये निकाल छापला: सरासरी १४० सेकंदांच्या आसपास.

जरा हिशोब करू, आकडे गोल धरून. टोमॅटोच्या काचघरात चौरस मीटरला साधारण अडीच खोडं धरली, तर एका हेक्टरला २५,००० खोडं. प्रत्येकावरून आठवड्याला तीन पानं काढायची, म्हणजे ७५,००० पानं. एका पानाला १४० सेकंद लागले तर होतात जवळजवळ २,९०० तास. आठवड्यात तास असतात १६८. म्हणजे एका हेक्टरला दिवसरात्र न थांबता राबणारे सतरा-अठरा रोबो, फक्त पानं काढायला! पानामागे चार सेकंद लागले तर हेच काम साधारण ८३ तासांत उरकतं. माणूस हा हिशोब कुठे करतो? तो खटाखट पानं मोडत पुढे जातो.

मग माणूस नेमकं काय करतो? त्याला पानाआडची काकडी दिसत नाही, रोबोलाही दिसत नाही. पण माणूस पान बाजूला सारतो. सारता सारता हाताला वजन जाणवतं, देठ कुठे असेल याचा अंदाज येतो, खोड किती वाकेल हे बोटांना कळतं. बघणं आणि हात लावणं ही दोन कामं नसतातच, एकच असतं. आपण रोबो लिहितो तेव्हा मात्र पाइपलाइन करतो: आधी शोध, मग जागा ठरव, मग मार्ग आख, मग पकड, मग काप. आणि पाइपलाइनचा नियम कुठल्याही इंजिनिअरला माहीत असतो. प्रत्येक टप्प्यावरची चूक पुढच्या टप्प्यावर चढत जाते.

हे नुसतं माझं तत्त्वज्ञान नाही. २०१४ मध्ये बाक, फान हेन्टेन, हेमिंग आणि एदान यांनी तीस वर्षांतल्या ५० फळतोड्या रोबोंचा आढावा घेतला. फळाची जागा बरोबर सापडली सरासरी ८५ टक्के वेळा, फळ सुटं झालं ७५ टक्के वेळा, आणि शेवटपर्यंत यश ६६ टक्के. सरासऱ्यांचा असा थेट गुणाकार करू नये हे मान्य, पण ८५ गुणिले ७५ करून बघाच, ६४ च्या आसपास येतं. एका फळाला सरासरी ३३ सेकंद. आणि खरा धक्का पुढे आहे. तीस वर्षांत या आकड्यांत सुधारणा दिसली नाही, आणि ५० पैकी एकही रोबो बाजारात पोचला नव्हता.

तीस वर्षं! या काळात कॉम्प्युटरचा वेग किती पटींनी वाढला ते तुम्हीच आठवा. प्रश्न जर नुसता वेगाचा असता, तर तो कधीच सुटला असता.

पुढे ढोबळी मिरचीच्या रोबोने तर सगळ्यांची परीक्षाच पाहिली. युरोपियन युनियनच्या पैशातून २०१० ते २०१४ क्रॉप्स नावाचा प्रकल्प झाला. त्यातल्या मिरचीच्या रोबोचे निकाल २०१७ मध्ये आले. झाडं जशी होती तशी ठेवली तर यश सहा टक्के. हो, सहा. आड येणारी पानं आणि फळांचे झुबके हाताने काढून झाड सोपं केलं, तेव्हा तेच यश ३३ टक्क्यांपर्यंत गेलं. त्याच्या मागून आला स्वीपर प्रकल्प, २०१५ ते २०१८. त्याचे आकडे: प्रत्यक्षातल्या झाडांवर १८ टक्के, अनुकूल केलेल्या झाडांवर ६१ टक्के, एका मिरचीला २४ सेकंद. पुन्हा तेच दिसतं. सॉफ्टवेअर सुधारून जेवढं मिळालं, त्याहून जास्त झाड बदलून मिळालं. अरिमा-कोंदोंचा तिरका मांडव आठवतोय ना?

आता एक आडवळण, पण माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं. काचघरात वारा नाही, त्यामुळे टोमॅटोच्या फुलातला पराग आपोआप नीट झडत नाही. म्हणून कामगार हातात कंप पावणारी कांडी घेऊन आठवड्यातून अनेकदा फुलांच्या घोसांना थरथरवत फिरायचे. हजारो वेल, सगळे हाताने. याचं ऑटोमेशन झालं, पण ते कुठल्याही इंजिनिअरने केलं नाही. रोलंड द योंगे नावाच्या बेल्जियन पशुवैद्याच्या लक्षात आलं, की बंबलबी, म्हणजे ती जाड केसाळ भुंग्यासारखी माशी, टोमॅटोच्या फुलाला लटकून अंग थरथरवते आणि पराग झडतो. साध्या मधमाशीला हे जमत नाही. १९८७ मध्ये त्यांनी बायोबेस्ट ही कंपनी काढली आणि बंबलबींच्या पेट्या विकायला लागले. काही वर्षांतच कांड्या कोपऱ्यात पडल्या.

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर मात्र बंबलबी आणायला परवानगी नाही. म्हणून तिथल्या गायरा गावच्या मोठ्या काचघरांत अरुगा या इस्रायली कंपनीचा रोबो वापरून पाहिला गेला. तो रांगेतून जाताना कॅमेऱ्याने फुलं ओळखतो आणि त्यांच्यावर हवेचे झोत मारतो. हे मला जास्त जमण्यासारखं वाटतं, कारण यात झाडाला हात लावायचाच नाही. झोत थोडा इकडेतिकडे गेला तरी काही बिघडत नाही.

हाच धागा पुढे न्या. डच कंपनी प्रिवाने २०२१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ग्रीनटेक प्रदर्शनात कोंपानो नावाचा रोबो बाजारात आणला. तो टोमॅटो तोडत नाही, टोमॅटोची खालची पानं कापतो. काढलेलं पान फाटलं तरी चालतं, खाली पडलं तरी चालतं, जपायचं फक्त खोड. चूक जिथे स्वस्त आहे, ते काम आधी. पुढे डेन्सो आणि सेर्थोन यांनी आर्टेमी हा रोबो आणला आणि २०२४ मध्ये युरोपात त्याच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. तो तोडतो ते चेरी टोमॅटोचे अख्खे घोस. एकेक टोमॅटो नव्हे, घोसाचा देठ कापायचा. इथेही प्रश्न आधी लहान केलेला आहे.

ज्यांनी प्रश्न लहान केला नाही त्यांचं काय? अमेरिकेत केंटकीमध्ये ॲपहार्वेस्ट नावाच्या कंपनीने साठ एकरांचं काचघर उभं केलं, २०२१ मध्ये शेअर बाजारात उतरली आणि त्याच वर्षी रूट एआय ही टोमॅटो तोडणाऱ्या रोबोची कंपनी विकत घेतली. जुलै २०२३ मध्ये ॲपहार्वेस्टने दिवाळखोरी जाहीर केली. खापर रोबोवर फोडायचं कारण नाही, काचघराचा धंदा मुळातच कर्जाचा आणि बारीक नफ्याचा. पण गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइडवर रोबो फार देखणा दिसतो, एवढं आपण आपल्या अनुभवावरून सांगू शकतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? कारण हे काम करायला माणसं मिळत नाहीत. खरं तर 'तिथली' माणसं मिळत नाहीत. २००७ मध्ये नेदरलँड्सने पोलंडच्या लोकांना कामासाठी दार पूर्ण उघडलं, आणि वेस्टलँडची काचघरं मोठ्या प्रमाणात पूर्व युरोपातल्या हातांवर चालायला लागली. कॅनडात ऑन्टारिओमधल्या लेमिंग्टनच्या काचघरांत मेक्सिको आणि जमैकाहून लोक येतात, ज्या हंगामी योजनेखाली ते येतात ती १९६६ पासूनची. ते घर, मुलं सोडून महिनोन् महिने येतात. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा लेमिंग्टनच्या भागातल्या शेतमजुरांमध्ये मोठी लागण झाली, काहींचा जीवही गेला. एकाच छपराखाली अनेकांनी राहायचं आणि काम तर थांबवता येत नाही, वेल वाढतोच आहे.

२०१८ मध्ये वाखेनिंगेनला एक स्पर्धा झाली. संघांनी काचघर दुरून, अल्गोरिदमने चालवायचं. तापमान, पाणी, उजेड, कार्बन डायऑक्साइड, सगळं. पीक काकडीच. मायक्रोसॉफ्ट रिसर्चचा संघ जिंकला. छान झालं. पण त्या काकड्यांची पानं काढायला, वेल उतरवायला, तोडणी करायला काचघरात माणसंच होती. डोकं दुरून चालवता आलं, हात नाही.

आणि आता तो टोचणारा शब्द. आपल्याकडे किमान वेतनाच्या तक्त्यात कामगारांचे प्रकार असतात: कुशल, अर्धकुशल, अकुशल. शेतातली खुडणी-तोडणी कुठे बसते ते सांगायला नको. तिकडेही इंग्रजीत याच अर्थाचा शब्द वापरतात.

अकुशल म्हणजे काय? सात सांध्यांचा हात, दोन कॅमेरा यंत्रणा, अवरक्त प्रकाश, ए-स्टार, तीस वर्षं आणि ५० रोबो, एवढं सगळं लावूनही ज्याची बरोबरी झाली नाही, त्याला आपण अकुशल म्हणतो. मी दिवसभर जे काम करतो, त्यातला कोड आता मशीन बऱ्यापैकी लिहायला लागलंय. तरी माझ्या पगाराच्या स्लिपवर अकुशल लिहिण्याचं धाडस अजून कुणी केलेलं नाही. पगार काम किती अवघड आहे यावर ठरत नाही, ते काम करू शकणारी माणसं किती आहेत आणि ती किती अडलेली आहेत यावर ठरतो. अर्थशास्त्रवाल्यांना हे जुनंच आहे. पण ४५ सेकंद हा आकडा समोर आला, की त्यातली गफलत मोजता येते.

मी रोबोच्या विरोधात अजिबात नाही. दमट काचघरात दिवसाला हजारो पानं मोडून कुणाचीही मनगटं दुखावीत असं मला वाटत नाही. पानं काढणारा रोबो चार सेकंदांवर येवो, लवकर येवो. तो येईल तेव्हा वेलही बदललेला असेल, त्याची पानं विरळ आणि देठ लांब झालेले असतील, कारण इतिहास तेच सांगतो. पण तोवर जी माणसं ट्रॉलीवर उभी आहेत, त्यांच्या कामाला निदान बरोबर नाव तरी द्यायला हवं. मजुरीचे तक्ते दर काही वर्षांनी नव्याने छापले जातातच, त्यात एक शब्द बदलायला रोबो लागत नाही.

असो. आज भाजी आणायची पाळी माझी आहे, आणि यादीत काकडी आहे.